लेकीच्या गावातलं जेवण

माझ्या बापाला खामगावात कधी तहान लागत नसे. गावी, पिंपळगावच्या मळ्यात, तांब्याभर पाणी एका दमात घशाखाली सोडणारा हा माणूस. पण खामगावात माझ्या थोरल्या बहिणीच्या ओट्यावर येऊन टेकला की त्याची तहान कुठे पळून जायची कोण जाणे. थोरलीचं नाव सुभद्रा. मी तिला बाई म्हणायचे. बाई आतून तांब्या-पेला घेऊन यायची. तो घेणार नाही हे तिला ठाऊक असायचं, तरी आणायची. बाबा पेल्याकडे न बघता म्हणायचा, "आताच तं पेलो ना बंसीभाऊच्या हाटेलात. राहू दे." मग बाई पेला घेऊन आत जायची आणि चुलीपुढे उगाच काहीतरी आवराआवर करत बसायची. मला मात्र पाणी, चहा, गुळाचा खडा, सगळं मिळायचं, कारण मी धाकटी बहीण. धाकट्यांना ही बंदी नव्हती.

बंदी होती ती आईबापांना. लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या सासरचं अन्न खायचं नाही आणि पाणीही प्यायचं नाही, अशी आमच्यात रीत होती. नातवाचं तोंड बघायचं आणि मग लेकीच्या घरचा घास घ्यायचा. रीत करणाऱ्याने बहुतेक हिशेब केला असावा की वर्षा-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. बाईच्या लग्नाला तेव्हा त्याहून जास्त वर्षं होऊन गेली होती. तिला मूल पुढेही कधी झालं नाही, हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणारा त्याची वाट बघत बसणार नाही. आम्ही सगळे मात्र तेव्हा वाट बघत होतो. बाबाने पेला नाकारला की ओट्यावरच्या सगळ्यांना, समोरच्या घरातल्या शेजारणीला, रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्याला पुन्हा एकदा आठवण व्हायची की सुभद्रेची ओटी अजून रिकामी आहे. बाबाच्या मनात तसं काही नसे. तो आपला रीत पाळायचा. पण लागायचं ते बाईला.

आमची माय मी अगदी लहान असताना गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही आणि आठवतो असं मी कधी खोटंही सांगितलं नाही. मला आठवते ती बाई. माझी वेणी घालणारी बाई, कांद्याच्या वाफ्यात मला बांधावर बसवून निंदणारी बाई, संध्याकाळी बाबापुढे ताट ठेवून समोर उकिडवी बसणारी बाई. मायच्या हाताखाली ती सगळं शिकली होती. मग तिचं लग्न होऊन ती खामगावला गेली, आणि चूल माझ्या हातात आली. माझ्या भाकरीबद्दल काय सांगावं. एका बाजूने जळायची, दुसऱ्या बाजूने ओली राहायची, आणि थंड झाली की दरवाज्याला अडसर म्हणून चालली असती. बाबा ती निमूट खायचा. कधी लहर आली तर म्हणायचा, "कुसुमे, आज भाकर मोडाले कुऱ्हाड आनू का?" मी रुसले की लगेच, "अवो, दात मजबूत होतेत माह्ये. चांगलंच हाय," असं म्हणून पुढचा तुकडा तोडायचा. आमच्या घरात त्या काळी आवाज म्हणजे विहिरीवरच्या मोटेचा, आणि जेवताना बाबाच्या दातांचा.

थंडीच्या दिवसांत बाबा दर बाजाराला खामगावला भाजी घेऊन जायचा. वांगी, मिरच्या, मेथी, कधी मुळे. पहाट फुटायच्या आत बैलगाडी निघायची, आणि मी पोत्यांच्या मधल्या जागेत घोंगडी पांघरून बसायची. शाळा त्या दिवशी बुडायची, पण आमच्या मास्तरांना वांगी फार आवडत, त्यामुळे ते काही म्हणत नसत. खामगावला पोचलो की बाबा भाजीबाजारात आपल्या ठरलेल्या जागी गाडी लावायचा आणि भाजी संपेपर्यंत माझ्याशी बोलायला त्याला फुरसत नसायची. भाजी संपली, बैलांपुढे कडबा टाकला, हातपाय धुतले, की आम्ही गल्लीत जायचो.

त्या गल्लीला नगरपालिकेच्या पाटीवर कोणतं तरी नाव होतं, पण आम्ही तिला नुसतं गल्ली म्हणायचो. खामगावात मोठमोठे रस्ते होते, कापसाच्या पेढ्या होत्या, चांदीची दुकानं होती. आमचा त्यांच्याशी संबंध नव्हता. आमचं खामगाव म्हणजे ही एवढीशी गल्ली. एका तोंडाला निंबाचं झाड आणि त्याखाली चपला शिवणारा, दुसऱ्या तोंडाला पिठाची गिरणी. मधे दोन्ही बाजूंनी दुकानं, इतकी जवळ की समोरासमोरचे दुकानदार आपापल्या गादीवर बसून एकमेकांशी भांडू शकत, आणि भांडतही. बांगड्यांचं दुकान होतं, तिथे आतल्या अंगाला बायका हात पुढे करून बसलेल्या असत. शिंप्याची दोन मशिनं एकामागून एक अशी चालत, की एक थांबलं की दुसरं सुरू. किराणा दुकानातून हिंगाचा आणि गोडेतेलाचा वास येई. भांड्यांचं दुकान उन्हात इतकं चमके की तिथून जाताना डोळे बारीक करावे लागत. मधोमध एक म्हातारा फुटाणे भाजत बसे, आणि त्याच्या कढईतल्या गरम वाळूचा खरखर आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येई. मी एका हाताने बाबाचं धोतर धरून चालायची आणि मान इकडून तिकडे फिरवून फिरवून दुखवून घ्यायची. बाबा मात्र सरळ बघत चालायचा. त्याला गल्लीतलं एकच दुकान माहीत होतं, ते म्हणजे बंसीभाऊचं हॉटेल.

हॉटेल म्हणजे काय, पुढे भट्टी आणि कढई, मागे चार बाकं आणि लांबट टेबलं, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. बंसीभाऊचे वाडवडील कधीकाळी मारवाडातून आलेले. तो आमच्यासारखंच बोलायचा, फक्त रागावला किंवा घाबरला की हिंदीत शिरायचा. बाजाराच्या दिवशी त्याच्याकडे दिवसभर जिलबी, दुपारी भजी आणि रस्सा. बाजाराला आलेले खेड्यातले लोक घरून फडक्यात भाकरी बांधून आणत, आणि बंसीभाऊकडून नुसता रस्सा घेत. बाबाही तेच करायचा. माझी भाकर, बंसीभाऊचा रस्सा आणि रांजणातलं पोटभर पाणी. मग तोंड पुसून, लेकीला भेटायला तयार. बाईचं घर गल्लीच्या मागच्याच बोळात होतं. तिच्या घरातल्या फोडणीचा वास कधी कधी हॉटेलपर्यंत यायचा, आणि बाबा त्या वासावर बंसीभाऊचा रस्सा ओरपायचा.

बायका हॉटेलात बसत नसत. माझं वय लहान म्हणून मी चालून जायची. बाई तर सासुरवाशीण. ती गल्लीत बांगड्या भरायला किंवा दळण घेऊन यायची तीही सासूबरोबर, आणि हॉटेलावरून जाताना पदर पुढे ओढून. म्हणजे बाप हाकेच्या अंतरावर जेवतोय आणि लेक त्याला बघूही शकत नाही, अशी ती सगळी मांडणी होती. आता माझी नात लग्न होऊन पुण्याला असते. तिची आई, म्हणजे माझी सून, तिच्याकडे जाऊन महिना महिना राहते आणि फोनवरून जेवण मागवते. मी हे जुनं सांगितलं की दोघी हसतात. मीही हसते. पण रीत मोडायला निघालेला माणूस हसत नसतो, हे त्यांना कसं समजावणार.

बाईची सासू मथुराबाई. उंच, कोरडी, तोंडाने फटकळ. बाईचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, स्वभावाने गरीब, घरात फारसा दिसत नसे. घर चालायचं ते मथुराबाईंच्या आवाजावर. त्या सुनेला छळत होत्या असं मी म्हणणार नाही. बोलायच्या, पण ते सगळ्यांनाच. बाबाने पेला नाकारला की त्यांचा चेहरा मात्र बघण्यासारखा व्हायचा. एकदा त्या म्हणाल्याच, "आमचं पानी काई कडू नाई, इवाई." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. बाबा खाली बघत म्हणाला, "कडू कोन म्हनते, इहीनबाई. रीत हाय." "हाव," मथुराबाई म्हणाल्या, "रीत तं हाय." पुढचं दोघांनाही माहीत होतं. आतल्या दाराशी बाई उभी होती. तिनेही ऐकलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबाला ताप आला. बरेच दिवस अंथरुणावर होता. उठला तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. आम्ही पुन्हा खामगावला जायला लागलो तेव्हा बाईने त्याला ओट्यावर बघितलं, पाण्याचा पेला पुढे केला, त्याने नेहमीसारखा नाकारला, आणि नाकारताना वर केलेला त्याचा हात बाई बघत राहिली. मनगटाची हाडं वर आली होती. तिने मला आत नेलं आणि विचारलं, "काय खाते तो?" मी म्हटलं, "माही भाकर." "आन् इथं?" "इथंबी माही भाकर. आन् रस्सा बंसीभाऊचा." बाईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती हसेल, कारण माझ्या भाकरीवर सगळे हसत. ती हसली नाही. "त्याच्यापुढं कोनी बसते का जेवताना?" तिने विचारलं. मी चुलीपाशी असायची, भाकरी जळू नये म्हणून. बाबा आपल्या हाताने घेऊन खायचा. ते मी सांगितलं. बाईने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने पदर काढून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पुढच्या बाजारी सकायीच इकडं ये. बाबा भाजीत असते तवा. एकटीच ये."

पुढच्या बाजाराला मी बाबाला म्हटलं, बाईकडे जाऊन येते, आणि पळत सुटले. मथुराबाई देवळात गेल्या होत्या. घरभर वास सुटला होता. तो वास मी ओळखला असं म्हणता येणार नाही, पण दारातच थांबून मी तो घेत राहिले. बाईने पाटोड्या केल्या होत्या. बेसन घट्ट शिजवायचं, पाटावर थापायचं, त्यावर तीळ आणि खोबरं भुरभुरायचं, गुंडाळी करून वड्या पाडायच्या आणि लालभडक रश्शात सोडायच्या. आमच्याकडे हे सगळेच करतात. पण माय रश्शात भाजलेल्या तिळाचं वाटण घालायची आणि वड्या तिरप्या कापायची, आणि बाईही तशीच करायची. एका कडीच्या पितळी डब्यात तिने रस्सा भरला, वड्या वरून अलगद सोडल्या, झाकण घट्ट बसवलं, डब्याला फडकं गुंडाळलं आणि माझ्या हातात दिला. "बंसीभाऊले देजो. म्हनजो, रस्सा म्हनून आज हाच वाढ. बाबाले सांगू नोको." मग माझी हनुवटी धरून पुन्हा म्हणाली, "कुसुमे, त्यानं खाल्लं का नाई तेवढं मले सांगजो. बस."

गरम डबा पोटाशी धरून मी गल्लीतून चालले. त्या दिवशी मी एकाही दुकानाकडे बघितलं नाही. बाबासारखी सरळ चालले. बंसीभाऊने झाकण उघडलं, वास घेतला, आणि मी काय सांगतेय ते ऐकून झाकण पुन्हा लावलं. "अरे बाप रे," तो म्हणाला, "मालूम पडा तो तेरा बाप मेरे को ही कढाई में डालेगा." मी रडकुंडीला आले. मग तो भट्टीपुढून उठला, हात पुसले आणि हळू आवाजात आमच्या भाषेत म्हणाला, "माही पोरगी मलकापूरले देल्ली हाय. तिच्याकडं जातो तं टेसनावरच खाऊन घेतो मी. तिले वाटते बापाले भूकच नाई." त्याने डबा भट्टीच्या कडेवर गरम राहील असा ठेवला. "जा. घेऊन ये त्याले."

बाबा आला, नेहमीच्या बाकावर बसला, फडकं सोडलं. माझी भाकर टेबलावर ठेवली तेव्हा तिचा आवाज झाला. बंसीभाऊने हॉटेलच्या थाळीत रस्सा आणि वड्या आणून ठेवल्या. बाबाने भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला आणि चावता चावता थांबला. रस्त्यावर कुणी ओळखीचं दिसावं तसा बाहेर बघत राहिला. मग त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि मग तो जेवायला लागला. तापातून उठल्यापासून मी त्याला असं जेवताना बघितलं नव्हतं. "बंसीभाऊ," त्याने मान खाली ठेवूनच विचारलं, "आज हात बदलला काय?" बंसीभाऊ पाठमोरा होता. "घरची आलती सकाळी," तो म्हणाला, "तिनंच केला." बाबाने "हं" केलं. थाळी रिकामी झाली. त्याने पुन्हा मागितलं, बंसीभाऊने पुन्हा वाढलं. बाबाने आणखी एकदा मागितलं, आणि तिथे बंसीभाऊ चुकला. त्याचे दोन्ही हात जिलबीच्या पिठात होते. कढई तापलेली, गिऱ्हाईक उभं. त्याने कोपराने डबाच बाबाच्या टेबलावर सरकवला आणि म्हणाला, "घ्या ना हातानं, तुमचंच हाय."

लग्नात बाप लेकीला आंदण म्हणून भांडी देतो, आणि त्यावर देणाऱ्याचं नाव घालून घेतो. भांड्यांच्या दुकानातच एक माणूस लहानशी छिन्नी घेऊन बसलेला असतो. टिकटिक करत ठिपक्या-ठिपक्यांनी तो नाव उमटवतो. बाईच्या लग्नातली भांडी बाबाने याच गल्लीतून घेतली होती. बाबाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव तेवढं तो ओळखायचा, कारण ते उमटताना त्या माणसापुढे बसून त्याने बघितलं होतं. डब्याच्या पोटावर ठिपक्यांत लिहिलं होतं, श्रीपत गोविंदा, पिंपळगाव. बाबाने डबा उचलायला हात पुढे केला आणि हात तिथेच राहिला. मग त्याने अंगठ्याने ती अक्षरं चोळली, एकदा आणि मग पुन्हा.

"कुसुमे," तो म्हणाला, "बाईनं देल्ला?"

मी मान हलवली.

"इहीनबाईले मालूम हाय?"

"नाई."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बसून राहिला. त्याच्यापुढे थाळी होती, थाळीत अर्धवट रस्सा आणि एक वडी, हातात भाकरीचा तुकडा. आमच्याकडे वाढलेल्या ताटावरून उठणं म्हणजे अन्नाचा अपमान. बाबाने तो कधी केला नाही आणि आम्हाला करू दिला नाही. आणि लेकीच्या घरचं खाणं म्हणजे रीत मोडणं. तेही त्याने कधी केलं नव्हतं. उठावं तरी पाप, खावं तरी पाप, अशा जागी माझा बाप बंसीभाऊच्या बाकावर बसला होता. जिलबी जळायला लागली होती आणि बंसीभाऊचं तिकडे लक्ष नव्हतं. मला तेव्हा एवढंच कळत होतं की हा आता उठला तर बाईला काय सांगायचं. खाल्लं का नाही तेवढं सांग, असं ती म्हणाली होती. खाल्लं आणि मग टाकून दिलं, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगितलं असतं.

मग बाबाने डबा फिरवून बंसीभाऊकडे केला. "बंसीभाऊ, हे नाव वाचून पाहा बरं."

बंसीभाऊ पिठाच्या हातानेच पुढे आला. "श्रीपत गोविंदा."

"म्हंजे कोन?"

"म्हंजे तुमी. अजून कोन?"

"मंग भांडं कोनाचं?"

आता बंसीभाऊच्या ध्यानात आलं. "तुमचं," तो म्हणाला.

"माह्या भांड्यात हाय ते कोनाचं?"

"तुमचंच म्हनायचं. दुसऱ्याचं कसं राहीन?"

"मंग झालं तं," बाबा म्हणाला, आणि त्याने भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला. डब्यात होतं नव्हतं ते सगळं त्याने थाळीत ओतलं. खाऊन झाल्यावर भाकरीने थाळी पुसली, डबाही पुसला. माझा बाप गणित शिकला नव्हता आणि कोर्टाची पायरी चढला नव्हता, पण इतका पक्का मुद्दा मी पुढे मोठमोठ्या वकिलांच्या तोंडूनही ऐकला नाही.

रांजणापाशी बसून त्याने डबा स्वतः घासला. मग पुढचा पेच. भरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आणखी एक रीत. एक रीत वाकवून झालेली, त्यामुळे ही दुसरी तर पाळायलाच हवी, असं बाबाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. डबा हातात घेऊन तो गल्लीत उतरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुकानांकडे मान वळवून बघितलं. मी मागे मागे. मिठाईवाला म्हणाला, "पेढे देऊ?" बाबाने एक पेढा हातात घेतला आणि परत ठेवला. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात. किराणा दुकानात खारीक-खोबरं मांडलं होतं; त्याने ते बघितलं, आणि तेही नको म्हणाला, कारण ते ओटी भरायचं. बांगड्यांच्या दुकानापुढे थांबला. आतल्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या तसा पुढे निघाला. फुटाण्यांपुढे विचार केला, लेकीला काय फुटाणे न्यायचे, असं स्वतःशीच पुटपुटला. गिरणीपर्यंत गेला, तिथून वळला. तापातून उठलेला माणूस, ऊन डोक्यावर, आणि हातात तो डबा. कुठल्याही दुकानात लेकीला न दुखवणारी वस्तू सापडत नव्हती. अखेर तो पुन्हा बंसीभाऊपुढे येऊन उभा राहिला. "बाई लहान होती तवा बाजारातून जिलबी आन म्हने," तो म्हणाला, "भर." बंसीभाऊने गरम जिलबीने डबा भरला. पाकाचा एक थेंब श्रीपत गोविंदावरून ओघळला, तो बाबाने बोटाने पुसून घेतला.

मथुराबाई देवळातून आल्या होत्या आणि ओट्यावर बसून वाती वळत होत्या. बाई दाराशी आली, बाबाच्या हातातला डबा बघितला, आणि तिने चौकट धरली. तिच्या मनात काय काय आलं असेल. सासूला न सांगता घरातलं अन्न बाहेर काढलं, तेही हॉटेलात, तेही बापासाठी. आणि बापाने ते खाल्लं की तोंडावर परत आणून दिलं, हेही तिला ठाऊक नाही. मी तिला खुणेने सांगायचा प्रयत्न केला, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. बाबाने डबा बाईकडे न देता मथुराबाईंपुढे ठेवला. "इहीनबाई, भांडं आनलं."

मथुराबाईंनी झाकण उघडलं. जिलबी बघितली. त्या चतुर, भरून आलेलं भांडं भरून गेलेलं असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी वळून बाईकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. "हे इथून गेलतं?" त्यांनी विचारलं. बाईने मान खाली घातली.

"तिले काई बोलू नोका," बाबा म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढला होता, जसा बाजारात भावासाठी चढायचा. "भांडं माह्यं हाय. नाव पाहा त्याच्यावर. मी माह्या भांड्यातलं खाल्लं. माही रीत मोडली नाई आन् तुमच्या घरचं मी काई खाल्लं नाई."

मथुराबाईंनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "मले का वाचता येते?" त्या म्हणाल्या. आणि डबा उचलून आत गेल्या.

आत भांड्यांचा आवाज झाला. झाकण पडल्याचा, मग पळीचा. ओट्यावर आम्ही तिघं होतो. बाबा आपल्या पायांकडे बघत होता. बाई दाराची चौकट धरून उभी होती. मला वाटलं, आता डबा बाहेर फेकला जाणार आणि आमचं या घरी येणं संपणार. मथुराबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात पाट होता आणि दुसऱ्या हातात तोच डबा. पाट त्यांनी बाबापुढे टाकला. डबा त्याच्यापुढे ठेवला. त्यात पातेल्यात उरलेल्या पाटोड्या होत्या, रश्शात बुडालेल्या, वाफ निघत असलेल्या.

"नाव तुमचंच हाय ना?" मथुराबाई म्हणाल्या. "मंग बसा. आमचं यात काई नाई." बाबा पाटावर बसला. इतकी वर्षं मथुराबाईंनी आपल्या दारचा पेला परत जाताना बघितला होता. मग त्या सुनेकडे वळल्या आणि नेहमीच्या फटकळ आवाजात म्हणाल्या, "उभी काऊन हायेस चौकटीले धरून? बाप बसला पाटावर. ताट आन."

बाईने ताट आणलं. तिची भाकर आणली, पातळ, पांढरी, कडेपर्यंत भाजलेली. डब्यातून तिने बाबाच्या ताटात वाढलं आणि त्याच्यापुढे उकिडवी बसली. खाल्लं एवढं त्याने सांगितलं होतं, पण तासाभरापूर्वी हा माणूस बंसीभाऊकडे डबा पुसून गळ्यापर्यंत जेवला होता, हे त्या ओट्यावर त्याला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो जेवायला लागला. सावकाश, एकेक घास चावत, सगळी भाकर त्याने संपवली. कपाळावर घाम आला होता, हात मधेच थांबत होता, पण ताटात त्याने काही ठेवलं नाही.

बाईने पळी उचलली. "आनखी वाढू का, बाबा?" तिने विचारलं. रोज सासरच्या माणसांना ती हे विचारत असणार. बापाला विचारायची संधी लग्न झाल्यापासून तिला मिळाली नव्हती, आणि विचारताना तिचा आवाज लहान मुलीचा झाला.

बाबाच्या पोटात आता तिळाएवढीही जागा उरली नव्हती. त्याने कमरेची धोतराची गाठ हळूच सैल केली.

"वाढ," तो म्हणाला.